तीनशे चार एकरांचे स्वप्न

कॅरिबियन समुद्रातल्या प्युर्तो रिको या बेटावर, राजधानी सान हुआनला लागून पूर्वेकडे कॅरोलिना नावाचे शहर आहे. एके काळी ते उसाच्या मळ्यांचे गाव होते. या शहराच्या हद्दीतला ३०४ एकरांचा एक भूखंड बेसबॉलच्या इतिहासात स्वतःचे स्थान मिळवून बसला आहे. गोरगरिबांच्या मुलांना खेळाचे शिक्षण मिळावे आणि खेळाच्या निमित्ताने त्यांचे आयुष्यही मार्गी लागावे, या हेतूने ही जमीन देण्यात आली. ज्या माणसाने हे स्वप्न पाहिले, त्याला मात्र तिथे रचलेली एकही वीट पाहता आली नाही. रॉबर्टो क्लेमेंटे हे त्याचे नाव. ३१ डिसेंबर १९७२ च्या रात्री, भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या विमानासह ते समुद्रात नाहीसे झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३८ वर्षांचे होते.

आपल्याकडे बेसबॉलचा प्रसार बेताचाच असल्याने क्लेमेंटे यांची थोरवी आकड्यांतून पटकन उमगणार नाही. या खेळात चेंडू टोलवून फलंदाजाने सुरक्षितपणे किमान पहिला तळ गाठला, की त्याच्या नावावर एक ‘हिट’ जमा होतो. दहा संधींपैकी तीन वेळा ज्याला हे साधते, तो उत्तम फलंदाज गणला जातो. क्लेमेंटे यांनी १८ हंगामांच्या कारकिर्दीत दर हजार संधींमागे ३१७ हिट या सरासरीने बरोबर ३,००० हिट केले. त्यांच्यापूर्वी हा टप्पा केवळ दहा जणांनी गाठला होता. पण प्युर्तो रिकोतल्या घराघरांत त्यांची तसबीर लागली ती काही या आकड्यांमुळे नव्हे. कीर्ती ही स्वतःसाठी नसते, ती इतरांसाठी खर्च करायची असते, ही त्यांची ठाम धारणा होती आणि त्या धारणेची किंमत त्यांनी प्राणांनी मोजली.

उसाच्या मळ्यातला मुलगा

रॉबर्टोचा जन्म १८ ऑगस्ट १९३४ रोजी कॅरोलिनातील सान अंतोन या वस्तीत झाला. मेल्चोर क्लेमेंटे आणि लुइसा वॉकर यांच्या कुटुंबातील सात भावंडांत तो सर्वांत धाकटा. वडील उसाच्या मळ्यात मुकादम होते. आई घरचे सांभाळून मळेवाल्यांचे कपडे धुण्यासारखी कामे करीत असे. घरात पैशाची चणचण होती, पण उपासमार नव्हती. दारी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, हा लुइसाबाईंचा शिरस्ता होता. मुलाच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिले, म्हणजे या शिरस्त्याची मुळे किती खोलवर गेली होती, हे ध्यानात येते.

लहानपणी रॉबर्टोला सायकल हवी होती. वडिलांनी नकार दिला नाही, मात्र सायकल स्वतःच्या कमाईतून घ्यावी लागेल, असे बजावले. मग हा मुलगा पहाटे उठून शेजाऱ्यांसाठी दुधाची जड किटली वाहून आणू लागला. दिवसाला मिळणारी मजुरी काही सेंट इतकीच. सायकलीपुरते पैसे साठायला त्याला जवळजवळ तीन वर्षे लागली. मळ्यात राबणाऱ्या माणसांइतके चांगले कोणी नसते, हा संस्कार त्याच्यावर वडिलांनी केला आणि कष्टाच्या पैशाचे मोल त्याला या किटलीने शिकवले. पुढे लोकांकडून गोळा केलेल्या मदतीतली एकेक वस्तू योग्य हातात पडलीच पाहिजे, असा त्यांचा जो हट्ट दिसतो, त्याचे बीज कदाचित इथेच असावे.

खेळाचे वेड मात्र उपजतच होते. खरा चेंडू परवडत नसे, तेव्हा चिंध्या आणि दोरा गुंडाळून चेंडू होत असे आणि झाडाच्या फांदीची बॅट. शाळेत असताना रॉबर्टो भालाफेकीतही चमकला. त्याच्या खांद्यातील ती सुप्रसिद्ध ताकद भाल्यानेच घडवली, असे जाणकार मानतात. याच काळात रॉबर्तो मारिन या शिक्षकाची त्याच्यावर नजर गेली. मारिन हे एका तांदूळ कंपनीच्या सॉफ्टबॉल संघाचे काम पाहत. त्यांनी या किशोराला संघात घेतले, त्याला पुढच्या पायरीवर नेले आणि योग्य माणसांपर्यंत त्याचे नाव पोचवले. एका शिक्षकाने वेळेवर पाहिले नसते, तर हा हिरा मळ्यातच राहिला असता. क्लेमेंटे हे ऋण कधी विसरले नाहीत. गरिबाघरच्या मुलाच्या अंगी गुण असून भागत नाही, ते हेरणारे कोणी तरी भेटावे लागते, हे त्यांच्या पुढच्या सगळ्या खटाटोपाचे मर्म होते.

ऑक्टोबर १९५२ मध्ये सान्तुर्से या व्यावसायिक संघाने त्यांना करारबद्ध केले. आठवड्याला ४० डॉलर पगार ठरला. याच संघातून १९५४-५५ च्या हिवाळी मोसमात त्यांच्या शेजारी मैदानात उभा होता विली मेज, म्हणजे त्या काळचा अमेरिकेतील सर्वश्रेष्ठ मानला जाणारा खेळाडू. तत्पूर्वी, फेब्रुवारी १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स संघाने १० हजार डॉलरचा बोनस देऊन क्लेमेंटे यांना आपल्याकडे घेतले होते आणि मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात पाठवले होते. त्या काळच्या नियमानुसार, एवढा मोठा बोनस दिलेल्या नवोदिताला मुख्य संघात ठेवले नाही, तर मोसमअखेरीस इतर संघांना त्याच्यावर हक्क सांगता येत असे. तळाला असलेल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने नोव्हेंबर १९५४ मध्ये नेमके तेच केले आणि अवघ्या ४ हजार डॉलरमध्ये क्लेमेंटे त्यांच्याकडे आले. पुढची सर्व, म्हणजे १८ वर्षे, ते याच संघाकडून खेळले.

परकी भाषा, परके लोक

१७ एप्रिल १९५५ रोजी क्लेमेंटे मुख्य साखळीत पहिला सामना खेळले. जॅकी रॉबिन्सन यांनी बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत फोडली त्याला तेव्हा आठच वर्षे झाली होती. क्लेमेंटे यांच्यापुढे मात्र दोन भिंती होत्या. ते कृष्णवर्णीय होते आणि त्यांची मातृभाषा स्पॅनिश होती. फ्लोरिडातील फोर्ट मायर्स येथे दरवर्षी वसंत ऋतूत सराव शिबिर होई. तिथे गोरे सहकारी उपाहारगृहात जेवत आणि काळे खेळाडू बसमध्ये थांबून राहत. कोणी तरी आतून अन्न आणून देईल याची वाट पाहणे क्लेमेंटे यांना अपमानास्पद वाटे. आपल्याला आणि आपल्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना स्वतंत्र गाडी द्यावी, अशी मागणी त्यांनी व्यवस्थापनाकडे केली आणि ती मान्य करून घेतली.

वृत्तपत्रांचा अनुभवही सुखद नव्हता. त्यांचे इंग्रजी तोडकेमोडके होते आणि काही पत्रकार त्यांचे उच्चार जसेच्या तसे छापून वाचकांची करमणूक करीत. खेळाडूंच्या छापील पत्त्यांवर रॉबर्टोचे परस्पर ‘बॉब’ करण्यात आले. डिसेंबर १९५४ मध्ये झालेल्या मोटार अपघातात त्यांच्या पाठीला कायमची इजा झाली होती. त्या दुखण्याबद्दल ते बोलले, की दुखण्याचे सोंग करतात, अशी कुजबुज होई. हे सारे त्यांनी निमूटपणे गिळले नाही. आपले नाव रॉबर्टो आहे, हे ते पुनःपुन्हा सांगत राहिले. मितभाषी असूनही अन्यायाच्या प्रसंगी ते गप्प बसत नसत. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीपूर्वी खेळायला पायरेट्सच्या खेळाडूंनी नकार दिला. त्या निर्णयामागे क्लेमेंटे यांचा पुढाकार होता. किंग त्यांना व्यक्तिशः परिचित होते.

मैदानावर मात्र त्यांचे उत्तर बॅटने आणि हाताने असे. ते उजव्या टोकाला क्षेत्ररक्षण करीत. तिथून त्यांनी फेकलेला चेंडू सरळ रेषेत तिसऱ्या तळापर्यंत जाई आणि धावणारा प्रतिस्पर्धी पाय आखडता घेई. क्षेत्ररक्षणासाठीचा ‘गोल्ड ग्लव्ह’ हा सन्मान त्यांनी १९६१ ते १९७२ अशी सलग १२ वर्षे मिळवला. १९६१, १९६४, १९६५ आणि १९६७ या चार वर्षी ते नॅशनल लीगचे सर्वोत्तम सरासरीचे फलंदाज ठरले. १९६६ मध्ये सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणूनही त्यांची निवड झाली.

१९६० मध्ये पायरेट्सने बलाढ्य यँकीज संघाला नमवून वर्ल्ड सिरीज जिंकली. सातही सामन्यांत क्लेमेंटे यांचा हिट होता. विजयाची मेजवानी सुरू असताना ते मात्र तिथून बाहेर पडले आणि पिट्सबर्गच्या रस्त्यावर जल्लोष करणाऱ्या सामान्य माणसांत मिसळले. त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात त्यांना आठव्या क्रमांकावर ढकलण्यात आले, ही सल त्यांच्या मनात बराच काळ राहिली. त्या वर्ल्ड सिरीजची अंगठी त्यांनी कधी बोटात घातली नाही.

खेळाडूच्या हाती झोळी

प्रसिद्धी मिळाली, पैसा आला. १४ नोव्हेंबर १९६४ रोजी कॅरोलिनाच्याच व्हेरा साबाला यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे तीन मुलगे झाले. मुले प्युर्तो रिकोच्या भूमीवरच जन्मावीत, हा क्लेमेंटे यांचा आग्रह तिन्ही वेळा पाळला गेला. मोसम संपला, की ते मायदेशी परतत आणि तिथल्या हिवाळी स्पर्धांत खेळत. आपल्या लोकांना आपला खेळ प्रत्यक्ष पाहता यावा, हे कर्तव्य आहे, असे ते मानत.

चाहत्यांकडून येणाऱ्या पत्रांची त्यांची व्यवस्था पाहण्यासारखी होती. ती पत्रे ते गावानुसार वेगळी करीत. पुढचा सामना ज्या शहरात असेल, तिथल्या एखाद्या आजारी मुलाचे पत्र त्यात असले, तर सामन्यापूर्वी ते रुग्णालयात जाऊन त्या मुलाला भेटत. बरोबर छायाचित्रकार नसे, पत्रकार नसे. २४ जुलै १९७० रोजी पिट्सबर्गच्या नव्या थ्री रिव्हर्स स्टेडियमवर त्यांच्या सन्मानार्थ खास समारंभ झाला. प्युर्तो रिकोहून तीन लाखांवर नावे असलेला अभिनंदनाचा संदेश आला होता. भेटी देण्याऐवजी पिट्सबर्गच्या बालरुग्णालयाला देणगी द्यावी, अशी त्यांची विनंती होती. आर्थिक ऐपत नसलेल्या घरांतल्या मुलांवर त्या पैशांतून उपचार व्हावेत, हा हेतू होता. मानसन्मानाचे रूपांतर दुसऱ्याच्या गरजेत करण्याची त्यांची रीत त्या दिवशी सर्वांसमोर आली.

कारकिर्दीच्या उत्तरार्धात एक कल्पना त्यांच्या मनात घर करून बसली. प्युर्तो रिकोतील वस्त्यांत शाळा सोडलेली, रिकामी हिंडणारी, अमली पदार्थांच्या वाटेला लागलेली मुले ते पाहत होते. यांतल्या कित्येकांच्या अंगी खेळाचे गुण होते, पण त्यांना मैदान नव्हते आणि मारिन यांच्यासारखे शिक्षकही नव्हते. या मुलांसाठी एक क्रीडानगरी उभारायची, असे क्लेमेंटे यांनी ठरवले. स्पॅनिशमध्ये तिचे नाव ‘स्यूदाद देपोर्तिव्हा’. तिथे केवळ बेसबॉल नसेल, तर पोहणे, टेनिस, धावणे असे निरनिराळे खेळ असतील. पैसे नाहीत म्हणून कोणी मूल दाराबाहेर राहणार नाही. आणि मुख्य म्हणजे तिथून बाहेर पडणारा प्रत्येक मुलगा व्यावसायिक खेळाडू झाला नाही, तरी चांगला नागरिक झाला पाहिजे.

या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व विशेष आहे. बेसबॉलच्या दुनियेत कॅरिबियन बेटांकडे स्वस्तात गुणी खेळाडू मिळण्याची खाण म्हणून पाहण्याची वृत्ती होती. पोरवयातल्या मुलाला करारबद्ध करायचे, तो चमकला तर ठीक, नाही तर परत पाठवायचे. परत आलेल्याच्या हाती ना शिक्षण, ना कसब. हजारांत एखादाच क्लेमेंटे होतो, उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांचे काय, हा प्रश्न त्यांनी उचलला. खेळाडूही माणूस आहे, बाजारातली वस्तू नव्हे, ही त्यांची भूमिका होती. म्हणूनच डिसेंबर १९६९ मध्ये सान हुआन येथे झालेल्या खेळाडूंच्या संघटनेच्या बैठकीत, मर्जीविरुद्ध केलेल्या बदलीला आव्हान देणाऱ्या कर्ट फ्लड यांच्या बाजूने ते उभे राहिले.

क्रीडानगरीसाठी पैसा हवा होता आणि तो एका खेळाडूच्या मिळकतीतून उभा राहणारा नव्हता. संकोची स्वभावाच्या या माणसाने मग सभासमारंभांतून मदतीचे आवाहन सुरू केले. जानेवारी १९७१ मध्ये ह्यूस्टन येथे एका पुरस्काराच्या वेळी त्यांनी केलेले भाषण आजही स्मरले जाते. दुसऱ्यांसाठी काही करण्याची संधी असताना जो ती साधत नाही, तो पृथ्वीवरचा आपला वेळ वाया घालवतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज आली. समोर बाल्टिमोरचा कसलेला संघ होता. पहिले दोन सामने पायरेट्सने गमावले. त्यानंतर ३७ वर्षांच्या क्लेमेंटे यांनी संघाला अक्षरशः खांद्यावर घेतले. सातही सामन्यांत हिट, दर हजारामागे ४१४ ची सरासरी आणि निर्णायक सातव्या सामन्यात होमरन. पायरेट्सने तो सामना २-१ असा जिंकला आणि मालिकेचे मानकरी अर्थातच क्लेमेंटे ठरले. विजयानंतर दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर त्यांनी प्रथम स्पॅनिशमधून आई-वडिलांचे आशीर्वाद मागितले. ज्या भाषेवरून त्यांची थट्टा झाली, ती भाषा त्या क्षणी साऱ्या अमेरिकेने ऐकली. आता आपले म्हणणे लोक ऐकतील, हे ओळखून त्यांनी पुढच्या मुलाखतींत आणि सत्कारांत क्रीडानगरीचा विषय लावून धरला. विजयवीराने स्वतःच्या फटक्यांविषयी बोलावे, अशी अपेक्षा असे. ते बोलत कॅरोलिनाच्या मुलांविषयी.

३० सप्टेंबर १९७२ रोजी न्यूयॉर्क मेट्सच्या जॉन मॅटलॅक यांच्या चेंडूवर त्यांनी तीन हजारावा हिट मारला. साखळी मोसमातला तो त्यांचा अखेरचा हिट ठरेल, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. मोसम संपताच ते बेटावर परतले आणि गावोगावी मुलांसाठी बेसबॉलची विनामूल्य शिबिरे घेऊ लागले. क्रीडानगरी उभी राहीपर्यंत थांबण्याची त्यांची तयारी नव्हती.

मानाग्वाचा भूकंप

नोव्हेंबर १९७२ मध्ये निकाराग्वाची राजधानी मानाग्वा येथे हौशी बेसबॉलची जागतिक स्पर्धा भरली. प्युर्तो रिकोच्या संघाचे व्यवस्थापक म्हणून क्लेमेंटे तिथे गेले आणि काही आठवडे राहिले. तिथली गरिबी पाहून त्यांना आपल्या बालपणीची कॅरोलिना आठवत असावी. खिशात नाणी घेऊन ते फिरत आणि भेटेल त्या गरजूला देत. तिथे त्यांची गाठ दोन्ही पाय गमावलेल्या एका मुलाशी पडली. त्याला कृत्रिम पाय मिळावेत म्हणून त्यांनी पैसे जमवण्याची खटपट केली.

डिसेंबरच्या सुरुवातीस ते घरी आले. २३ डिसेंबरला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, मानाग्वा भूकंपाने हादरले. शहराचा मध्यभाग जमीनदोस्त झाला, हजारो माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे अडीच लाख बेघर झाली. काही दिवसांपूर्वी ज्यांच्याशी बोललो, त्यांचे काय झाले असेल, या विचाराने क्लेमेंटे अस्वस्थ झाले. प्युर्तो रिकोतील मदत समितीचे नेतृत्व त्यांनी गायिका रूथ फर्नांडिस यांच्यासह स्वीकारले. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवरून आवाहने केली. हिराम बिथॉर्न स्टेडियमवर मदत स्वीकारण्याचे केंद्र उघडले. नाताळचा सण असतानाही ते पहाटेपासून रात्रीपर्यंत तिथे उभे असत, खोकी उचलत, याद्या तपासत. काही दिवसांत सुमारे दीड लाख डॉलर आणि २६ टन अन्नधान्य, कपडे व औषधे जमा झाल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले.

तथापि मदत गोळा करणे एक आणि ती गरजवंतांच्या हाती पडणे दुसरे. निकाराग्वात सोमोसा घराण्याची हुकूमशाही होती. विमानतळावर उतरणारे सामान सरकारी सैनिक ताब्यात घेतात आणि ते भूकंपग्रस्तांपर्यंत पोचत नाही, अशा बातम्या येऊ लागल्या. क्लेमेंटे संतापले. लोकांनी ते सामान त्यांच्या शब्दावर दिले होते. ते स्वतः बरोबर असतील, तर त्याला हात लावण्याची कोणाची हिंमत होणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. पुढच्या विमानाने आपण जायचे, असे त्यांनी ठरवले.

भाड्याने मिळालेले डीसी-७ हे चार इंजिनांचे विमान जुने होते. त्याच महिन्यात त्याला धावपट्टीच्या परिसरात अपघात झालेला होता. वैमानिकासह कर्मचाऱ्यांची जमवाजमव घाईत झाली होती. मर्यादेहून ४ हजार पौंडांवर अधिक भार विमानात होता, असे नंतरच्या चौकशीत निष्पन्न झाले. ३१ डिसेंबरचा दिवस विलंबात गेला. रात्री नऊनंतर, बेटावर नववर्षाच्या स्वागताची तयारी सुरू असताना, विमानाने सान हुआनहून उड्डाण केले आणि काही मिनिटांतच ते किनाऱ्याजवळच्या समुद्रात कोसळले. विमानात पाच जण होते. कोणीही वाचले नाही. क्लेमेंटे यांचा मृतदेह कधीच सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून किनाऱ्यावर माणसांची रीघ लागली. नववर्षाचे समारंभ थांबले, गव्हर्नरांनी तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला. पायरेट्समधील त्यांचे सहकारी मॅनी सांगियेन प्रार्थनासभेला न जाता, शोध घेणाऱ्या पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरले. मृतांच्या कुटुंबीयांनी अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाविरुद्ध दावा केला. खालच्या न्यायालयात त्यांच्या बाजूने निकाल लागला, परंतु १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला.

मागे राहिलेल्यांनी घेतलेला वसा

बेसबॉलच्या सन्मान दालनात, म्हणजे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, निवृत्तीनंतर पाच वर्षे उलटल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. क्लेमेंटे यांच्यासाठी हा नियम बाजूला ठेवून मार्च १९७३ मध्ये विशेष मतदान घेण्यात आले आणि ४२४ पैकी ३९३ मते त्यांना मिळाली. लॅटिन अमेरिकेतला तिथे पोचलेला हा पहिला खेळाडू. पायरेट्सने त्यांचा २१ क्रमांक कायमचा निवृत्त केला. समाजकार्य करणाऱ्या खेळाडूसाठी १९७१ मध्ये सुरू झालेल्या वार्षिक पुरस्काराला १९७३ पासून त्यांचे नाव देण्यात आले. योगायोग असा, की या पुरस्काराचे पहिले मानकरी होते विली मेज, सान्तुर्सेच्या मैदानात तरुण क्लेमेंटे यांच्या शेजारी उभे राहिलेले. पुढे कार्लोस देल्गादो, कार्लोस बेल्त्रान आणि यादियेर मोलिना या प्युर्तो रिकोच्या सुपुत्रांनीही तो मिळवला.

पण व्हेरा क्लेमेंटे यांच्यापुढे वेगळाच प्रश्न होता. पदरी तीन लहान मुले आणि पतीचे अपुरे राहिलेले काम. क्लेमेंटे यांच्या स्मृतिनिधीत देणग्या येऊ लागल्या. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी व्यक्तिशः एक हजार डॉलरचा धनादेश दिला, तर सामान्य चाहत्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वाटा उचलला. प्युर्तो रिकोच्या सरकारने कॅरोलिनातील ३०४ एकर जमीन क्रीडानगरीसाठी दिली. जमीन दलदलीची, भर घालण्यापासून सुरुवात. एकेक मैदान, एकेक इमारत करीत काम पुढे सरकले. वर्षानुवर्षे हजारो मुलांनी तिथे बॅट हाती धरली. रूबेन सिएरा, हुआन गोन्झालेस, इव्हान रॉड्रिग्ज अशा पुढे नामांकित झालेल्या खेळाडूंची नावे या क्रीडानगरीशी जोडली जातात. नावारूपाला न आलेल्यांची गणती कोणी ठेवली नाही. पण क्लेमेंटे यांचे स्वप्न मुख्यत्वे त्यांच्यासाठीच होते.

दुर्दैवाने धर्मादाय संस्थांच्या वाट्याला येणारे भोग या क्रीडानगरीलाही चुकले नाहीत. इमारत बांधण्यासाठी देणगी मिळते, तिची देखभाल करण्यासाठी मिळत नाही. शोकाच्या लाटेत हात सैल सुटतात, तीस वर्षांनी ते आखडतात. अवाढव्य जागा, सतत अपुरा पडणारा निधी आणि बेटाची खालावत गेलेली आर्थिक स्थिती यांमुळे एकविसाव्या शतकात मैदाने ओस पडत गेली. व्हेराबाई मात्र अखेरपर्यंत या कामाशी निष्ठेने जोडलेल्या राहिल्या. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. पतीबरोबर त्यांचा संसार आठ वर्षांचा झाला, त्याच्या स्वप्नाबरोबर त्यांनी सेहेचाळीस वर्षे काढली.

२०२२ मध्ये, क्लेमेंटे यांच्या मृत्यूला पन्नास वर्षे होत असताना, प्युर्तो रिकोच्या सरकारने त्याच भूमीवर नव्या क्रीडासंकुलासाठी पैसा उभारण्याचा मार्ग काढला. क्लेमेंटे यांची प्रतिमा असलेल्या वाहनपट्ट्या २१ डॉलरना विकायच्या आणि वार्षिक वाहननोंदणीच्या वेळी ५ डॉलर अधिक घ्यायचे. हेतू चांगला असला, तरी यावरून वाद पेटला. आपली संमती न घेता वडिलांची प्रतिमा वापरली आणि हे पैसे कुटुंबाला मिळतात असा लोकांचा गैरसमज झाला, अशी तक्रार घेऊन त्यांचे मुलगे न्यायालयात गेले. वादाची कायदेशीर बाजू काहीही असो, त्यातला नैतिक पेच क्लेमेंटे यांच्या जीवनाशी थेट भिडणारा आहे. ते स्वतः मागत असत तेव्हा लोक देत, कारण मागणारा माणूस समोर उभा असे आणि दिलेल्या प्रत्येक वस्तूची जबाबदारी घेत असे. तोच पैसा सक्तीने वसूल झाला, की दान संपते आणि कर सुरू होतो.

ज्या अखेरच्या प्रवासाने त्यांचा जीव घेतला, त्याचे कारणही हेच होते. औषधांची खोकी विमानात चढवून ते घरी परतू शकले असते. नववर्षाची ती रात्र त्यांनी बायकामुलांत घालवली असती, तरी कोणी बोल लावला नसता. पण लोकांनी विश्वासाने दिलेले सामान मधल्यामध्ये गडप होऊ देणे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते. पहाटे दुधाची किटली वाहून एकेक सेंट साठवणाऱ्या मुलाला दुसऱ्याच्या पैशाचे मोल ठाऊक होते. क्रीडाक्षेत्रात नवोदितांच्या नावाने आज जगभर निधी जमवले जातात. ते जमवणाऱ्या प्रत्येकाने कॅरोलिनाच्या या खेळाडूचे चरित्र एकदा वाचावे. झोळी फिरवणे अवघड नसते. झोळीतला शेवटचा दाणा योग्य मुखी पडेपर्यंत तिच्याबरोबर चालत राहणे अवघड असते आणि क्लेमेंटे तेच करीत होते.